सशाचा ताप आणि चिलटाचं जनुक

सलाइनच्या कारखान्यातली माझी पहिली नऊ वर्षं सशांच्या खोलीत गेली. रॅबिट टेस्ट म्हणायचो आम्ही. सलाइनने ताप येतो का, हे बघायला बॅचमागे तीन ससे. मान लाकडी खोड्यात, कानाच्या शिरेत कोमट सलाइन, मागे थर्मामीटर. मग तीन तास आकडे टिपत बसायचं. एकदा एक बॅच ऑटोक्लेव्हमधून नीट निघालेली, कल्चर स्वच्छ, आणि तिन्ही ससे तापले. साहेब माझ्यावरच उखडले, "अहो बाई, मेलेल्या जंतूंनी ताप येतो होय?"

येतो. बर्लिनला रॉबर्ट कॉकच्या संस्थेत रिचर्ड फायफरने १८९२ साली हेच पाहिलं होतं. कॉलऱ्याचे जंतू मारून टोचले, तरी गिनी पिग दगावत. या विषाला नाव पडलं एंडोटॉक्सिन. जंतूच्या बाहेरच्या आवरणाचाच हा तुकडा, साध्या उकळण्याने न जाणारा. पण शरीराला तो कळतो कसा, हे पुढची शंभर वर्षं कुणाला सांगता आलं नाही.

उत्तराचा धागा निघाला तो केळ्यांवर घोंगावणाऱ्या चिलटांत. त्यांच्या अळीचं पोट कुठे, पाठ कुठे, हे ठरवणारं एक जनुक १९८५ च्या सुमारास जर्मनीत ट्यूबिंगेनला ख्रिस्तियान न्यूसलाइन-फोलहार्ट यांच्याकडे अभ्यासलं जात होतं. त्याचं नाव टोल, म्हणजे जर्मनमध्ये ‘अफलातून’. तापाशी त्याचा संबंध असेल, असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. १९९६ मध्ये स्ट्रासबर्गला ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत ब्रुनो लमेत्र यांनी टोल बिघडलेली चिलटं बुरशीपुढे ठेवली. ती मेली; म्हणजे टोल बुरशीपासून राखणही करत होतं. मेलेल्या चिलटाच्या अंगावर बुरशीचे धागे दाट माजलेले, असा त्याचा एक फोटो आहे. भाकरीवरची बुरशी रोज बघणारी मी, पण तो पाहून शहारले.

पुढच्याच वर्षी येलमध्ये रुस्लान मेद्झितोव्ह आणि चार्ल्स जेनवे यांनी माणसातला टोलचा भाऊबंद दाखवला. डॅलसला ब्रूस बॉयटलर यांची मंडळी वेगळ्याच वाटेने निघाली होती. एंडोटॉक्सिन टोचलं तरी ढिम्म राहणारे उंदीर घेऊन ते पाच वर्षं जनुक शोधत बसले. १९९८ मध्ये सापडलं. टोलसारख्या चौथ्या रिसेप्टरच्या, म्हणजे पेशीच्या अंगावर बसून जंतू ओळखणाऱ्या रेणूच्या, जनुकात एका अक्षराची चूक! माझे ससे ज्याने तापायचे, तो पहारेकरी हाच.

२०११ चं नोबेल हॉफमन आणि बॉयटलर यांना मिळालं, राल्फ स्टाइनमन यांच्यासोबत. जेनवे २००३ मध्येच गेले होते. अशा पहारेकऱ्यांचं भाकीत त्यांनी १९८९ मध्येच केलं होतं, आणि मेद्झितोव्ह तर हयात होते. मेद्झितोव्ह यांना वगळलं हे मला आजही पटत नाही.

आता युरोपच्या औषधकोशात २०१० पासून दुसरी चाचणी आहे. माणसाच्या रक्तातल्या मोनोसाइट पेशी घेतात आणि थेट त्यांनाच विचारतात. त्यांच्या अंगावर हेच रिसेप्टर असतात. सशाची गरज पडत नाही.