कच्चं मडकं : नरसीचे नामदेव, औंढ्याचे विसोबा आणि 'इमोशनल इंटेलिजन्स'

मागच्या वर्षी माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण सरांनी परत दिलं. पहिल्या पानावर पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले होते, "अजून कच्चं". समोर चार ज्युनिअर बसलेले. मी "हो सर" म्हटलं, कागद उचलले आणि पुढचे आठ दिवस सरांशी कामापलीकडे एक शब्द बोलले नाही. त्याच आठवड्यात एक अख्खी मोजणी मी चुकीच्या सेटिंगवर घेतली. डोकं त्या दोन शब्दांत अडकलेलं, हात यंत्रावर. दीड दिवसाचं काम वाया गेलं.

घरी हिंगोलीला फोन केला तर आई चक्क हसली. म्हणाली, "अगं, आपल्या नरसीच्या नामदेवालाही कच्चं म्हटलं होतं. तोही असाच फुगून बसला होता."

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली. पण फोन ठेवल्यावर पहिल्यांदा वाटलं, की आज ऑफिसांत ज्याला 'इमोशनल इंटेलिजन्स' आणि 'माइंडफुलनेस' म्हणून शिकवतात, त्याच्याबद्दल ही गोष्ट नेमकं काय सांगते ते नीट पाहावं. मी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी, इतिहासाची नाही. तरी प्रयत्न करते.

गोष्ट काय आहे?

परंपरेनुसार नामदेवांचा काळ १२७० ते १३५०. घराणं शिंप्याचं, वडील दामाशेटी, आई गोणाई. जन्म नरसीचा की पंढरपूरचा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. आमच्या भागात मात्र या वादाला कोणी भीक घालत नाही. गावाचं नावच 'नरसी नामदेव' आहे.

तर तेरढोकीला गोरोबा काकांच्या घरी संत जमले होते. तिथे मुक्ताबाईची नजर थापटण्यावर गेली. हे काय, असं विचारल्यावर गोरोबा म्हणाले, याने मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मुक्ताबाई म्हणाली, मग आमचीही परीक्षा घ्या की. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारायला सुरुवात केली. बाकीचे गप्प राहिले. नामदेवांची पाळी आली आणि ते भडकले. गोरोबांनी निकाल दिला, हे मडकं कच्चं आहे.

सगळ्यांसमोर झालेला अपमान. नामदेव तडक पंढरपूरला विठ्ठलाकडे तक्रार घेऊन गेले. अपेक्षा ही, की देव तरी आपली बाजू घेईल. देव म्हणाला, ते खरं बोलले, तू गुरू कर. आणि त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवलं. आमच्याकडची परंपरा सांगते, की ही भेट औंढा नागनाथच्या देवळात झाली. नामदेव पोचले तर एक म्हातारा पिंडीवर पाय ठेवून आडवा पडलेला. नामदेवांनी हटकलं. म्हातारा म्हणाला, बाबा, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. जिथे पाय ठेवावेत तिथे पिंड दिसायला लागली.

हा इतिहास आहे का?

सरळ अर्थाने नाही. परीक्षेचा प्रसंग संतांच्या नावावर असलेल्या अभंगांत येतो, आणि त्याचं सविस्तर रूप महिपतींच्या 'भक्तिविजय'मध्ये मिळतं. तो ग्रंथ १७६२ चा, म्हणजे नामदेवांनंतर चारशे वर्षांनी लिहिलेला. त्यामुळे तेरमध्ये त्या दिवशी काय घडलं, हे आपण सांगू शकत नाही. पण इतकी वर्षं मराठी माणसांनी कीर्तनातून, ओव्यांतून ही गोष्ट का जपली, हे विचारू शकतो. तोही इतिहासच आहे.

मला लक्षात येतं ते हे, की या गोष्टींतल्या मोठ्या माणसांनाही राग येतो. लोकांच्या छळाला कंटाळून ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून बसले आणि धाकट्या बहिणीने त्यांना समजावलं, हे 'ताटीच्या अभंगां'मुळे घरोघरी माहीत आहे. खुद्द विसोबा आधी या भावंडांचे कट्टर विरोधक. मांडे भाजायला कोणी खापर देऊ नये, असा बंदोबस्त त्यांनीच केला होता, असं परंपरा सांगते. म्हणजे नामदेवांना शिकवणारा माणूस स्वतः द्वेषातून बाहेर आलेला होता. आणि गोरोबा? भजनात तल्लीन होऊन चिखल तुडवताना त्यांचं पोटचं मूल पायाखाली आलं, ही त्यांचीच कथा. बहुतेक वेळा ती भक्तीची पराकाष्ठा म्हणून सांगतात. मला तर ती आता भान सुटण्याची कथाच जास्त वाटते.

शब्द कुठून आले?

'माइंडफुलनेस' हा शब्द आज अमेरिकेतून आल्यासारखा वाटतो. मुळात पाली भाषेतल्या 'सती' (संस्कृत 'स्मृती') या शब्दाचं भाषांतर म्हणून टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी तो १८८१ मध्ये वापरला आणि तोच रूढ झाला. १९६९ मध्ये सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशातून विपश्यना घेऊन भारतात आले. १९७६ पासून इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र उभं राहिलं. १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय विद्यापीठात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी अभ्यासक्रम सुरू केला. त्यात धर्माचा भाग बाजूला ठेवला होता. पुढे तोच नमुना कंपन्यांत पोचला.

'इमोशनल इंटेलिजन्स'ची वाट वेगळी. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये शोधनिबंध लिहून ही कल्पना मांडली. १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती जगभर नेली. सॅलोव्ही-मेयर यांनी पुढे चार क्षमता सांगितल्या : भावना ओळखणं, विचाराला तिची मदत घेणं, ती समजून घेणं आणि ती हाताळणं. यात 'राग येऊ न देणं' कुठेच नाही.

मराठीत यासाठी साधा शब्द आहे, भान. आपण 'भानावर ये' म्हणतो. लग्नात भटजी 'सावधान' म्हणतात. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय तर श्रोत्यांकडे अवधान मागूनच सुरू होतो. पण 'आपल्याकडे हे सगळं आधीच होतं' असं मी म्हणणार नाही. संतांना मानसशास्त्र लिहायचं नव्हतं. त्यांचा प्रश्न देवाचा होता. आपण त्यातून आपल्या कामाचं घेतो आहोत, एवढं कबूल करून पुढे जाऊ.

नामदेवांनी रागाचं काय केलं?

गोष्ट पुन्हा वाचा. नामदेवांनी राग गिळला नाही, आणि थापटणं हिसकावून गोरोबांनाही मारलं नाही. ते उठले आणि ज्याच्यावर विश्वास होता त्याच्याजवळ जाऊन मनातलं बोलले. त्याने मनासारखं उत्तर दिलं नाही, तरी ऐकलं. मग अनोळखी माणसाकडे गेले, तिथे पुन्हा चिडले, आणि पुन्हा ऐकलं.

पहिल्या पायरीला प्रयोगाचा थोडा आधार आहे. २००७ मध्ये मॅथ्यू लिबरमन यांच्या गटाने लोकांना रागीट, घाबरलेले चेहरे दाखवून मेंदूची छायाचित्रं घेतली. त्या भावनेला शब्दात नाव दिलं, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची हालचाल कमी झाली. अर्थात चित्रातला राग वेगळा आणि चार ज्युनिअरसमोर आलेला राग वेगळा. पण दिशा कळते.

माझ्या विषयातलं उदाहरण देते. त्याच औंढ्याजवळ आता लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहून लहान फरक मोजायचा. जमीन तर सतत हलत असते. मग काय करतात? जमिनीची हालचाल वेगळ्या सेन्सरने मोजतात आणि तिच्या उलट हालचाल देऊन आरसे स्थिर ठेवतात. जी हालचाल मोजलीच नाही, ती थेट निकालात घुसते. माझ्या त्या आठवड्यात हेच झालं. राग मी मोजलाच नाही, तो माझ्या वाचनात उतरला.

फक्त शांत राहणं म्हणजे पिकणं का?

इथे थोडं थांबायला हवं. कंपनीतलं ध्यान-शिबिर कधीकधी एवढंच सांगतं, की त्रास तुझ्या मनात आहे, तू शांत हो. पगार उशिरा, काम बारा तास, वर श्वासाकडे लक्ष द्या. हे मला पटत नाही, आणि नामदेवांच्या चरित्रातही ते बसत नाही.

१३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली आणि चोखामेळा दगावले. परंपरा सांगते, की नामदेव स्वतः तिथे गेले, ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी आणल्या आणि पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी बांधली. ज्याला जिवंतपणी देवळात येऊ दिलं नाही, त्याच्यासाठी. एकेकाळी थापटण्याचा एक फटका सहन न झालेला माणूस इथपर्यंत आला होता. पक्कं मडकं म्हणजे हे, दुसऱ्याचं दुःख आपल्यापर्यंत पोचणं.

तरी चोखोबांच्या माणसांना ते दार उघडायला १९४७ साल उजाडलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना पंढरपुरात उपोषण करावं लागलं. एकट्याचं मन पिकून सगळं होत नाही, व्यवस्थाही बदलावी लागते.

मग माझं काय झालं?

नवव्या दिवशी मी सरांच्या खोलीत गेले. म्हटलं, "सर, ते सगळ्यांसमोर मिळालं म्हणून मला वाईट वाटलं. पण कच्चं कुठे आहे ते सांगाल का?" सर क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "पाकिटात घालून द्यायला हवं होतं, खरंय." आणि दीड तास बसून त्रुटींचं विश्लेषण कुठे चुकलंय ते दाखवलं. चुकलं होतंच.

आता यंत्र सुरू करण्याआधी मी वहीत तारीख, तापमान आणि एक जास्तीची ओळ लिहिते, आज डोकं कसं आहे. 'चिडलेलं' असं लिहिलेल्या दिवशी सेटिंग दोनदा तपासते. तिसरं प्रकरण चौथ्या खेपेला मंजूर झालं. आईला सांगितलं तर म्हणाली, "नामदेवाला एकदाच थापटलं होतं, तुला चारदा लागलं!"