गाइडचं गृहीतक आणि इरावतीबाईंच्या कवट्या

पेटची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो: आपला निष्कर्ष गाइडच्या मताविरुद्ध निघाला तर? मी सायन्सवाला, तरी याचं सगळ्यात ठळक उदाहरण मला मानववंशशास्त्रात सापडलं, आणि तेही मराठी.

इरावती कर्वे. जन्म १९०५, ब्रह्मदेशातला. शाळा पुण्याची हुजूरपागा, पदवी फर्ग्युसनमधून, विषय तत्त्वज्ञान. मग मुंबईला गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली चित्पावनांवर प्रबंध. १९२८ साली त्या बर्लिनला निघाल्या. सासरे म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे, पण सुनेनं परदेशी जावं हे त्यांनाही पटलं नव्हतं. नवरा दिनकर मात्र ठाम पाठीशी होता. पैसे जीवराज मेहतांकडून कर्जाऊ घेतले. फेलोशिपची वाट बघत बसलेल्यांनी हे वाक्य परत वाचावं!

बर्लिनमधले गाइड होते ऑयगेन फिशर, कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेचे संचालक. ही संस्था १९२७ ला सुरू झाली होती आणि वंशशुद्धीच्या कल्पना तिथे विज्ञान म्हणून शिकवल्या जात. इरावतीबाईंना विषय मिळाला मानवी कवटीची असममिती, म्हणजे डावी-उजवी बाजू किती वेगळी आहे ते मोजायचं. त्यामागची समजूत अशी होती की गोऱ्या युरोपीयांच्या कवट्या जास्त असमान असतात, आणि त्याचं नातं त्यांच्या वरचढ बुद्धीशी आहे. थोडक्यात, उत्तर ठरलेलं होतं, फक्त आकडे हवे होते.

बाईंनी सुमारे दीडशे कवट्या मोजल्या. त्यात पूर्व आफ्रिकेच्या जर्मन वसाहतीतून आणलेल्याही होत्या. (त्या कुणाच्या होत्या, कुणाच्या परवानगीनं आणल्या, हे आजच्या एथिक्स कमिटीनं पहिल्या मिनिटाला विचारलं असतं.) निष्कर्ष निघाला की असमिती सगळीकडेच आहे, पण तिचा वंशाशी संबंध दिसत नाही. आपल्या भाषेत, शून्य गृहीतक नाकारता आलं नाही. तेच त्यांनी लिहिलं आणि १९३० मध्ये डॉक्टरेट घेतली. तीनच वर्षांत हिटलर सत्तेवर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले.

परत आल्यावर काय? लगेच संशोधनाची जागा मिळाली नाही. १९३१ ते १९३६ त्या महिला विद्यापीठात रजिस्ट्रार होत्या, आणि १९३९ ला डेक्कन कॉलेजात आल्या. म्हणजे डॉक्टरेटनंतर नऊ वर्षांनी.

मला खटकणारी गोष्टही सांगतो. बर्लिनची मोजमापाची हत्यारं बाईंनी टाकली नाहीत. इथे येऊन त्या जातीजातींच्या लोकांची शरीरं मोजत राहिल्या. वंशाचा एक दावा खोडला, पण चौकट बरीचशी तीच राहिली. त्यांच्यावर लिहिताना हा भाग गाळला जातो, तो गाळू नये.

पण त्यांची दुसरीही एक पद्धत होती, पायांनी करायची. त्या दिंडीबरोबर आपल्या पंढरपूरपर्यंत चालत आल्या. ‘वाटचाल’ हा त्यांचा लेख त्यावरच आहे. एकाच दिंडीत, एकाच विठ्ठलाचं नाव घेत चालणारे ब्राह्मण आणि मराठा वारकरी जेवायला मात्र वेगळे बसतात, हे त्यांना फार लागलं. त्या मराठा बायकांच्या पंगतीत जाऊन जेवल्या, आणि त्यानंतर त्या बायका त्यांच्याशी अधिक मोकळेपणानं वागू लागल्या. कॅलिपर कवटीची रुंदी सांगतो, पंगत कुठे तुटते ते सांगत नाही. १९६२ मध्ये हा लेख इंग्रजीतून अमेरिकेतल्या संशोधन नियतकालिकात आला. मला तो त्यांच्या प्रबंधाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

शेवटच्या वर्षांत त्यांनी जाई निंबकरांसोबत कोयना धरणानं उठवलेल्या लोकांची पाहणी केली. ती १९६९ ला प्रसिद्ध झाली आणि पुढच्या वर्षी बाई गेल्या. सोलापुरात बसून उजनीच्या विस्थापितांवर सिनॉप्सिस लिहिणार असाल, तर प्रश्नावली तयार करण्याआधी ती पाहणी काढून वाचा.