छप्पन सालचा रेडिओ

आठवीच्या इतिहासात महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीचा धडा आहे. तो मी पुस्तकातून सुरू करत नाही, आधी मुलांना घरी पाठवते. घरातल्या किंवा आळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला एवढंच विचारून यायचं की गावात पहिला रेडिओ कुठं होता आणि त्याच्यावर काय ऐकलेलं आठवतं. ‘त्या काळच्या चळवळीबद्दल सांगा’ म्हटलं की म्हातारी माणसं अवघडतात, आम्हा अडाण्यांना काय कळतंय म्हणून विषय टाळतात. रेडिओचं नाव काढलं की तीच माणसं सावरून बसतात आणि तासभर थांबत नाहीत.

हे मला सुचलं ते माझ्या आजोबांमुळे. गाव त्यांना नाना म्हणायचं. जुन्नर तालुक्यातलं आमचं गाव, तेव्हा वीज नव्हती. चावडीवर सरकारी रेडिओ होता, बॅटरीवर चालणारा, लाकडी पेटीतला. दोन बांबूंना ताणलेली एरियलची तार वाऱ्यानं सुटली की नाना पोराला बांबूवर चढवायचे. पेटीची किल्ली पाटलांकडे, पण बटणाला हात फक्त गुरुजी लावणार, असा रिवाज. संध्याकाळी बायका पाणी भरून परतताना मुद्दाम चावडीच्या मागच्या बोळातून यायच्या. आजी सांगायची, ‘‘हंडा डोक्यावर ठेवून बातम्या ऐकल्यात मी. खाली ठेवला असता तर लोकांनी नावं ठेवली असती.’’

1956 सालच्या फेब्रुवारीत त्या पेटीभोवती ‘मंडळ’ सुरू झालं. आकाशवाणी आणि युनेस्को यांनी मिळून पुणे केंद्रावरून केलेला तो प्रयोग होता. केंद्र नवंच होतं, 2 ऑक्टोबर 1953 ला सुरू झालेलं. ‘गीतरामायण’ त्याच केंद्रावरून दर आठवड्याला घरोघर पोचत होतं. प्रयोगासाठी तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं घेतली होती. गावात वीसेक जणांचं मंडळ, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम आणि तो संपला की रेडिओ बंद करून चर्चा. असे वीस कार्यक्रम एप्रिलपर्यंत झाले. कल्पना मूळची कॅनडातल्या शेतकरी मंडळांची. चर्चेत निघालेले प्रश्न पुण्याला कळवायचे आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात यायची. नाना आमच्या मंडळाचे चिटणीस होते. उंदरांच्या बंदोबस्तावर गावानं काढलेला प्रश्न त्यांनी लिहून धाडला, आणि रेडिओवर त्याचं उत्तर आलं तेव्हा चावडीवर कुणी श्वास मोठा घेईना, असं ते सांगायचे. मुंबई-पुण्याची पेटी आपलंही ऐकते, हे गावाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

या प्रयोगाचं मोजमाप टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतं आणि ते पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञानं केलं. हा मूळचा व्हिएन्नाचा माणूस. डाखाऊ आणि बुखेनवाल्ड या नाझी छळछावण्यांतून तो वाचला, अमेरिकेत गेला, आणि छावणीतल्या माणसांच्या समाजावरच त्यानं प्रबंध लिहिला. माणसाला बोलू न देणारं राज्य ज्यानं अंगावर सोसलं, तो आमच्याकडची माणसं मोकळेपणी कशी बोलतात ते नोंदवत होता. मी वर्गात हे सांगते तेव्हा नकाशावर व्हिएन्ना शोधायला मुलं आपणहून उठतात. त्याचा निष्कर्ष मला शिक्षिका म्हणून फार मोलाचा वाटतो. ज्या गावांत मंडळं होती तिथल्या लोकांचं ज्ञान चांगलंच वाढलं. नुसता रेडिओ होता आणि मंडळ नव्हतं, तिथं जेमतेम फरक पडला. म्हणजे शिकवलं ते रेडिओ बंद झाल्यानंतरच्या बोलण्यानं. माझ्या वर्गात मी हीच रीत धरते. दहा मिनिटं ऐकायचं आणि तीस मिनिटं बोलायचं.

मंडळ सुरू होण्याच्या महिनाभर आधी त्याच पेटीनं गावाला हादरवलं होतं. 16 जानेवारी 1956 ला पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून जाहीर केलं की मुंबई महाराष्ट्राला न मिळता केंद्र सरकारच्या ताब्यात राहील. मुंबई पेटली, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली, पुढं चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं. आमच्या गावचे कितीतरी गडी तेव्हा गिरणगावात होते. नानांचा धाकटा भाऊ परळला खोलीवर राहायचा. ‘‘बातमी झाली आन् गुर्जींनी बटन बंद केलं. पर घरला कोनीच जाईना,’’ नाना सांगायचे. भावाचं पत्र यायला नऊ-दहा दिवस गेले. तेवढ्या दिवसांत नानांनी एकही संध्याकाळ चावडी चुकवली नाही.

मुलांनी आणलेल्या आठवणी नेहमी तारखेला धरून नसतात. एका आजीबाईंनी सांगितलं की नेहरूंचं ते भाषण झालं आणि लगेच शाळेत पेढे वाटले. मुलं गोंधळली. मग आम्ही फळ्यावर तारखा मांडल्या. भाषण जानेवारी 1956 चं, पेढे महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवसाचे, 1 मे 1960 चे, मध्ये चार वर्षांहून जास्त काळ. ‘‘आजी खोटं बोलल्या का?’’ असं एकानं विचारलं. खोटं नाही बोलल्या. रागाचा दिवस आणि आनंदाचा दिवस त्यांच्या मनात शेजारी शेजारी बसलेत, मधलं आंदोलन, सत्याग्रह, तुरुंग सगळं गळून गेलं. ते मधलं काय होतं, हे पुस्तकात शोधायला मुलं त्या दिवशी हट्टानं बसली.

1956 चीच दुसरी आठवण बौद्धवस्तीतल्या एका मुलीनं तिच्या पणजोबांकडून आणली. चावडीच्या ओट्यावर त्यांना बसू देत नसत. रस्त्याच्या पलीकडे लिंबाखाली उभं राहून ते ऐकायचे, आवाज बारीक असला की अर्धं कळायचं. 14 ऑक्टोबरची नागपूरची धम्मदीक्षा त्यांना रेडिओनं सांगितल्याचं आठवत नाही. ती मुंबईहून आलेल्या एका गिरणीकामगारानं सांगितली. पण 6 डिसेंबरला बाबासाहेब गेल्याची बातमी त्यांनी त्या लिंबाखाली ऐकली. चौघेजण तसेच निघाले, नारायणगावापर्यंत पायी, तिथून यष्टी, मग रेल्वे. दुसऱ्या दिवशी दादरला समुद्राकाठच्या गर्दीत ते होते. मुलगी हे वाचून खाली बसली आणि ज्यांच्या घरचे ओट्यावर बसत होते त्या मुलांपैकी कुणी काही बोललं नाही. मीही घाई केली नाही. शेवटी एक मुलगा म्हणाला, ‘‘म्हणजे बाई, मंडळातल्या वीस जणांत त्यांच्यातलं कोण होतं, ते विचारायला पाहिजे.’’ मी नानांची मंडळाची वही काढली. हजेरीत त्या वस्तीतलं एकही नाव नव्हतं. बाईचंही नव्हतं.

आकाशवाणीवर माझं मनापासून प्रेम आहे, म्हणूनच तिचं मौनही मी मुलांना ऐकवते. 26 जून 1975 च्या सकाळी इंदिरा गांधींनी आणीबाणी लागू झाल्याचं सांगितलं ते याच आकाशवाणीवरून. 31 ऑक्टोबर 1984 ला सकाळी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मृत्यूची बातमी आकाशवाणीनं दिली ती संध्याकाळी, आणि बीबीसीवरून ती त्याआधीच येऊन गेली होती. गावोगाव म्हातारे हे आजही सांगतात, कुणी ट्रकवाल्याच्या ट्रान्झिस्टरवर ऐकलं, कुणी दुकानात. सरकारी रेडिओ गप्प बसतो तेव्हा लोक काय करतात, या प्रश्नावरून आम्ही मागं 1942 ला जातो. उषा मेहता आणि त्यांचे सोबती मुंबईत जागा बदलत बदलत काँग्रेस रेडिओ चालवत होते, 42.34 मीटरवरून, ऑगस्टच्या अखेरीपासून 12 नोव्हेंबरला पकडले जाईपर्यंत. विदर्भातल्या आष्टी-चिमूरला काय घडलं ते या चोरट्या केंद्रानं देशाला सांगितलं. उषाताई तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या, हे ऐकून मुली एकमेकींकडे बघतात. गोव्याच्या मुक्तीआधी लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी 1955 पासून जंगलात राहून असंच केंद्र चालवलं आणि 19 डिसेंबर 1961 ला विमानातून फिरत ध्वनिवर्धकावरून गोंयकारांना स्वातंत्र्याची बातमी दिली. ती गोष्ट मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी मुलं ती पुन्हा सांगायला लावतात.

चालू घडामोडींसाठी आमची रीत साधी आहे. सकाळचं पुण्याचं प्रादेशिक बातमीपत्र रोज एकानं ऐकायचं. लिहून घ्यायचं नाही. वर्गात येऊन तोंडी सांगायचं, मग इतरांनी विचारायचं. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आल्याची बातमी अशीच वर्गात आली. आमच्याकडे कांदा म्हणजे घरखर्च, शाळेची फी, बहिणीचं लग्न. आळेफाट्याच्या बाजारात भाव किती पडला ते निम्म्या वर्गाला बातमीआधीच घरून कळलं होतं. रागानं सगळे एकदम बोलू लागले. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिच्या घरी शेत नाही. ‘‘आमाला कांदा इकत घ्यावा लागतो. सोस्त झाला तर बरंय,’’ ती म्हणाली, आणि थोडं थांबून, ‘‘पर आईला काटणीला कोनी बोलवंना झालंय.’’

एका बातमीची इतकी अंगं त्या पोरीनं दोन वाक्यांत उलगडली. मी फळ्यावर तीन रकाने आखले, विकणारा, विकत घेणारा आणि मजुरी करणारा, आणि बंदीनं कुणाचं काय झालं ते मुलांनी भरलं. मग चौथा रकाना त्यांनीच मागितला, ठरवणारा. त्यात काय लिहायचं यावर दोन दिवस वाद चालला. शेवटी उत्तराऐवजी त्यांनी पाच प्रश्न लिहिले. पहिला असा होता: बंदी घालताना मजुरांना कुणी विचारलं का? 26 जानेवारीच्या ग्रामसभेत झेंडावंदनानंतर त्या मुलीनंच ते वाचून दाखवले. ग्रामसेवकांनी ते इतिवृत्तात लिहून घेतले आणि तिच्या आईला सहीसाठी पुढं बोलावलं.