एक दिवस, दोन निकाल : ११ जून १९३२



गरिबांची मते गरिबांच्या पक्षालाच पडणार, असे पुष्कळांचे गृहीत असते. ते तपासून पाहण्यासाठी आज आपण ऑस्ट्रेलियात जाऊ.

साल १९३०. महामंदीने लोकर आणि गहू यांचे भाव कोसळले होते. न्यू साउथ वेल्स राज्याच्या डोक्यावर लंडनच्या धनकोंचे मोठे कर्ज होते. बँक ऑफ इंग्लंडचे सर ऑटो निमायर येऊन उपदेश करून गेले, की खर्च कापा, राहणीमान खाली आणा. मजूर पक्षाचे जॅक लँग यांनी ह्या काटकसरीला विरोध केला आणि ऑक्टोबरच्या निवडणुकीत ९० पैकी ५५ जागा जिंकल्या. विधवांना पेन्शन देणारे म्हणून लोक त्यांना आधीपासून ओळखत होते.

फेब्रुवारी १९३१ मध्ये लँग यांनी आपली योजना मांडली. अमेरिकेने युद्धकर्जात ब्रिटनला सवलत दिली. तशीच ब्रिटनने आम्हांस देईपर्यंत लंडनचे व्याज थांबवावे, देशातील सरकारी कर्जाचे व्याज ३ टक्क्यांवर आणावे. मागणी न्याय्य होती, असेच माझे मत आहे.

पण धनकोचे व्याज आणि मजुराची ठेव एकाच व्यवहारात गुंतलेली असतात. घाबरलेल्या ठेवीदारांची राज्याच्या सरकारी बचत बँकेवर झुंबड उडाली आणि २२ एप्रिल १९३१ रोजी बँकेने व्यवहार थांबवले. विरोधकांनी भीतीला वारा घातला हे खरे. परंतु अडकलेल्या पैशांत गरिबाची पै-पैही होती. वर्षअखेरीस कॉमनवेल्थच्या बचत बँकेने ती बँक सामावून घेतली. तोवर लोकांनी बरेच महिने धास्तीत काढले.

त्यात घर फुटले. नोव्हेंबरमध्ये लँग यांच्या अनुयायांनी विरोधकांच्या जोडीने मते देऊन केंद्रातले मजूर सरकार पाडले. नव्या केंद्र सरकारने राज्याचा महसूल थेट वसूल करण्याचा कायदा केला. पैसे देऊ नका, असा हुकूम लँग यांनी अधिकाऱ्यांना दिला. तेव्हा गव्हर्नर सर फिलिप गेम यांनी १३ मे १९३२ रोजी त्यांना बडतर्फ केले. जनतेने निवडलेला मुख्यमंत्री, राजाने नेमलेल्या गव्हर्नराने घालवला!

११ जूनला निवडणूक झाली. लँग यांना सुमारे ४० टक्के मते पडली, पण जागा २४ च मिळाल्या.

त्याच दिवशी शेजारच्या क्वीन्सलंडमध्येही मतदान होते. तेथे वेतनकपात करणारे मूर यांचे सरकार पडले आणि फॉर्गन स्मिथ यांच्या मजूर पक्षाने ६२ पैकी ३३ जागा घेतल्या. तो पक्ष १९५७ पर्यंत सत्तेवर राहिला. न्यू साउथ वेल्समध्ये मात्र मजुरांचे सरकार परत यायला १९४१ उजाडले.

मंदीत खुर्चीवर बसलेल्याला लोक शिक्षा करतात, एवढेच कोणी म्हणेल. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. संप पुकारण्याआधी आम्ही संपफंड मोजतो, चुली किती दिवस पेटतील ते पाहतो. सावकाराशी भांडणाऱ्या सरकारनेही, आधी आपल्याच माणसांच्या ठेवी सुरक्षित करायला हव्या होत्या.