भंडारा जिल्ह्यातील लाखोळी : धानशेती, मजुरी आणि लोकारोग्य

एखाद्या जिल्ह्याच्या लोकारोग्याचा इतिहास सामान्यतः साथींच्या नोंदी, देवीच्या लसीकरणाचे तक्ते आणि दवाखान्यांची वाढ यांच्या आधारे लिहिला जातो. ही साधने आवश्यक आहेत. परंतु रोगाचे मूळ जेथे शेताच्या बांधीत, मजुरीच्या मापात आणि चुलीवरच्या भांड्यात असते, तेथे ती अपुरी पडतात. भंडारा जिल्ह्यातील लाखोळी या कडधान्याचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. (येथे भंडारा म्हणजे १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होण्यापूर्वीचा जिल्हा अभिप्रेत आहे.)

वनस्पतिशास्त्रात लॅथिरस सटायव्हस या नावाने ओळखले जाणारे हे कडधान्य पूर्व विदर्भात लाख, लाखोळी वा लाखोरी, छत्तीसगडात तिवरा आणि उत्तर हिंदुस्थानात खेसारी म्हणून परिचित आहे. संस्कृत वैद्यकात त्याची संज्ञा त्रिपुट अशी असून, सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाशा’त त्याच्या सेवनाने पांगळेपणा येतो असे सांगितलेले आहे. म्हणजे दोष फार पूर्वीपासून ज्ञात होता. तरीही हे धान्य शतकानुशतके पिकत आणि शिजत राहिले, याची कारणे वैद्यकात सापडत नाहीत. ती अर्थव्यवस्थेत शोधावी लागतात.

भंडारा हा वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाचा आणि तलावांचा प्रदेश होय. गोंड राजांच्या आश्रयाने व पुढे भोसल्यांच्या अमदानीत कोहळी समाजातील कुशल लोकांनी येथे तलाव बांधले. नवेगाव बांध हे त्याचे ठळक उदाहरण. मोठा तलाव, लहान बोडी आणि त्यांच्या पाटाखालील बांध्या अशी ही रचना होती. धान कापणीस येण्यापूर्वी बांधीतील ओल टिकून असतानाच उभ्या पिकात लाखोळी फेकून पेरावयाची, या पद्धतीस उतेरा म्हणतात. तीत नांगरट नाही, खत नाही, वेगळे पाणीही नाही. पाणी साचले तरी लाखोळी तग धरते आणि पाणी आटले तरी ती जळत नाही. शिवाय ती जमिनीस नत्र देते व गुरांना वैरण पुरविते. ज्याच्यापाशी बैलजोडी वा भांडवल नाही, अशा शेतकऱ्यास दुसरे पीक म्हणून तिच्याइतके सोयीचे काहीच नव्हते.

या जमिनीवरील माणसांची स्थिती मात्र समान नव्हती. मालगुजारी पद्धतीत गावाचा सारा भरण्याची जबाबदारी मालगुजाराकडे असे आणि तलावावरील हुकमतही बहुधा त्याचीच असे. त्याच्याखाली कुळे आणि सर्वांच्या तळाशी सालदार व रोजमजूर. मजुरी धान्यात, पायली-कुडवाच्या मापाने मिळे. चांगल्या वर्षी मजुराच्या घरी भात असे आणि त्याबरोबर लाखोळीचे वरण असे. वाईट वर्षी भात आटे, लाखोळी मात्र उरे. रोगाची सुरुवात या प्रमाणबदलात आहे.

या रोगाचे स्वरूप क्रूर आहे. पायांच्या पोटऱ्या ताठरतात, माणूस चवड्यांवर चालू लागतो. पुढे एक काठी, मग दोन काठ्या आणि अखेरीस सरपटणे. मृत्यू येत नाही आणि गेलेली शक्तीही परत येत नाही. बळी पडतात ते प्रामुख्याने तरुण पुरुष, म्हणजे ज्यांच्या अंगमेहनतीवर कुटुंब चालते तेच. सागर प्रदेशात १८२९ पासून सलग तीन वर्षे गहू बुडाला व लोक खेसारीवर जगले. १८३३ पासून तेथे तरुणांचे पाय लुळे पडू लागले, असे स्लीमन याने १८४४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नोंदविले आहे. सागर आणि भंडारा हे दोन्ही जिल्हे पुढे मध्यप्रांतात समाविष्ट झाले, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी या प्रांतास ग्रासले. भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ साली सुमारे ७ लाख ४३ हजार होती. ती १९०१ साली सुमारे ६ लाख ६३ हजारांवर आली. याच काळातील प्रांतातील पांगळेपणाविषयी बुकॅनन याचा अहवाल १९०४ साली नागपुरास छापला गेला. दुष्काळ आणि हा रोग यांचे साहचर्य त्यानंतर वादातीत राहिले.

स्वातंत्र्योत्तर काळात शासनाने या प्रश्नास कायद्याने उत्तर दिले. अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांन्वये १९६१ साली लाखोळीच्या विक्रीस बंदी आली. १९६४ साली बंगलोर येथील राव, आदिगा व शर्मा या संशोधकांनी मज्जातंतूंना अपाय करणारे अमिनो आम्ल या धान्यातून वेगळे केले, आणि बंदीस शास्त्रीय आधार लाभला. परंतु त्याच ज्ञानाचा दुसरा अर्थही होता. हा विषारी अंश पाण्यात विरघळणारा आहे. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिले असता त्याचा बराचसा भाग निघून जातो. इतर धान्यांबरोबर बेताने खाल्लेली लाखोळी आणि महिनोन्‌महिने केवळ तिच्यावरच काढलेले दिवस, यांत म्हणूनच मोठे अंतर आहे. रीवा भागात वेठीच्या मजुरांना मजुरी म्हणून खेसारीच दिली जात असे, आणि तेथेच हा रोग मोठ्या प्रमाणावर आढळला.

बंदी विक्रीवर होती, पेरणीवर नव्हती. परिणामी पूर्व विदर्भात पीक निघतच राहिले. ज्याने पिकविले त्यास उघड बाजार आणि रास्त भाव मात्र राहिला नाही. तूर व हरभऱ्याच्या डाळीत, बेसनात तिची भेसळ होत राहिली. गरिबाच्या ताटातील सर्वांत स्वस्त प्रथिन कायद्याच्या दृष्टीने गुन्हा ठरले. त्याच्या जागी दुसरे काय येणार, याची तरतूद त्या नियमात नव्हती. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध दीर्घकाळ चळवळ केली. येथील लोक पिढ्यान्‌पिढ्या भाताबरोबर लाखोळी खात आले आहेत, हा तिचा मुख्य युक्तिवाद होता. २००८ साली महाराष्ट्रातील बंदी उठली. केंद्रीय नियमांत मात्र २०११ सालीही निर्बंध कायम राखला गेला. दरम्यान रतन, प्रतीक, महातिवरा असे अल्पविषारी वाण कृषिसंशोधकांनी तयार केले.

आरोग्यावर याहून दूरगामी परिणाम करणारे फेरफार अन्यत्र घडत होते. १९५० च्या कायद्याने व १९५१ पासूनच्या अंमलबजावणीने मालगुजारी संपली. कुळांची त्या जाचातून सुटका झाली. पण तलाव शासनाकडे गेले आणि त्यांचा गाळ काढण्याची गावाची जुनी व्यवस्था विसकटली. आजही ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या नावात ते स्थित्यंतर साठवलेले आहे. पुढे वेठबिगार निर्मूलनाचा १९७६ चा कायदा आणि रोजगार हमीचा १९७७ चा कायदा यांनी मजुराच्या हाती रोख पैसा येण्यास साहाय्य केले, तर स्वस्त धान्याच्या दुकानांनी दुष्काळी वर्षांतही तांदूळ-गहू पोहोचविला. एकाच धान्यावर जगण्याची पाळी टळली, हेच या रोगाचे खरे प्रतिबंधन होय.

तात्पर्य, लाखोळीच्या इतिहासात विष आणि दारिद्र्य ही दोन कारणे वेगळी काढता येत नाहीत. विषाचा शोध प्रयोगशाळेत लागला. परंतु ते कोणाच्या शरीरात किती जाईल, हे तलावाचे पाणी, जमिनीची मालकी आणि मजुरीचे माप यांनी ठरविले. जिल्ह्याच्या लोकारोग्याचा इतिहास लिहिताना रुग्णालयाच्या नोंदवहीइतकेच महत्त्व सालदाराच्या धान्याच्या मापास दिले पाहिजे.