राखणाऱ्याचा इतिहास



इतिहासाच्या व्याख्यानाला फुटबॉलच्या खेळाडूचा विषय घेतला, याचे काहींना नवल वाटेल. राजे, तह, लढाया आणि सनदा यांत रमणाऱ्या श्रोत्यांना, चामड्याच्या चेंडूमागे धावणाऱ्या माणसाचे चरित्र सांगून काय साधणार, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर मी आरंभीच देत नाही. तासाभरात ते आपोआप मिळाले तर बरे, नाही मिळाले तर दोष विषयाचा नव्हे, माझा समजावा.

माणसाचे नाव हासिन्तो किंकोसेस. जन्म 17 जुलै 1905, स्पेनच्या उत्तरेस बिल्बाओजवळच्या बाराकाल्दो या गावी. मृत्यू 1997 साली. धंदा फुटबॉलचा आणि त्यातही फुलबॅकचा, म्हणजे गोलरक्षकाच्या पुढे उभे राहून प्रतिपक्षाचा हल्ला परतवण्याचा. सुमारे 92 वर्षांच्या या आयुष्यात त्याने आल्फोन्सो राजाची कारकीर्द पाहिली, प्रिमो द रिवेराची हुकूमशाही पाहिली, प्रजासत्ताक पाहिले, यादवी युद्ध पाहिले, फ्रँकोचा दीर्घ अंमल पाहिला आणि पुन्हा राजाचे राज्य आलेलेही पाहिले. राज्ये बदलत होती आणि हा गडी एकच काम करीत होता. म्हणूनच तो इतिहासाच्या उपयोगाचा आहे.

आपल्याकडे किल्ला घेणाऱ्याचा पोवाडा होतो. किल्ला राखणाऱ्याला बखरीत एखादी ओळ मिळाली तर मिळाली. जो वेढा उठला, तो जणू पडलाच नव्हता, असे पुढच्या पिढीला वाटते. फुटबॉलमध्ये हाच न्याय आहे. गोल करणाऱ्याचे नाव आणि मिनिट नोंदले जाते. जो गोल झालाच नाही, त्याची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची? बचाव करणाऱ्या खेळाडूचे चरित्र लिहिणे म्हणजे न घडलेल्या गोष्टींचा इतिहास लिहिणे होय, आणि तो सर्वांत अवघड इतिहास.

प्रथम त्याचे गाव पाहू. बाराकाल्दो हे नेर्विओन नदीच्या डाव्या तीरावरचे गाव. आसपासच्या डोंगरांतले लोखंड, नदीकाठचे पोलादाचे कारखाने आणि बिल्बाओच्या बंदरात येणारी इंग्रजी जहाजे, हे या भागाचे रूप. जहाजांबरोबर इंग्रज खलाशी व इंजिनियर आले, आणि त्यांच्याबरोबर फुटबॉल आला. म्हणून स्पेनमध्ये या खेळाचे सुरुवातीचे बळ बास्क प्रांतांतच दिसते. किंकोसेसचे नाव झाले ते जवळच्या विटोरिया शहरातील आलावेस या संघाकडून खेळताना. स्पेनमध्ये धंदेवाईक फुटबॉलला मान्यता मिळाली ती 1926 साली, आणि राष्ट्रीय लीग स्पर्धा सुरू झाली 1929 साली. म्हणजे हा तरुण वयात आला तो नेमका हौसेचा खेळ पोटाचा खेळ होत असताना.

दुसरी एक घटना याहून महत्त्वाची, आणि ती समजल्याशिवाय त्याच्या कामाचे मोल कळणार नाही. 1925 साली ऑफसाईडचा नियम बदलला. तोपर्यंत चेंडू पुढे टाकला जाताना हल्लेखोर आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिपक्षाचे किमान तीन गडी असावे लागत. यामुळे दोन फुलबॅकांपैकी एकाने पुढे सरकून हल्लेखोराला सापळ्यात पकडावे, आणि डाव फसलाच तर मागे दुसरा आहेच, अशी सोय होती. नव्या नियमाने तीनऐवजी दोन गडी पुरेसे ठरले. आता पुढे सरकणाऱ्याचा अंदाज चुकला की हल्लेखोर आणि गोल यांच्यामध्ये उरे तो एकटा गोलरक्षक. इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये 1924-25 च्या हंगामात 1192 गोल झाले होते. पुढच्याच हंगामात ते 1703 झाले. एका ओळीच्या दुरुस्तीने पाचशेवर गोल वाढले! इंग्रजांनी लवकरच मधल्या हाफबॅकला मागे ओढून तिसरा बचाव खेळाडू निर्माण केला. स्पेनमध्ये मात्र पुढेही बराच काळ दोनच फुलबॅक उभे राहत. किंकोसेसची सारी कारकीर्द या नव्या आणि निष्ठुर नियमाखाली गेली. हे ध्यानात ठेवले पाहिजे.

राष्ट्रीय संघात तो आला 1928 च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये. याच ऑलिंपिकमध्ये काही दिवस आधी भारताने हॉकीचे आपले पहिले सुवर्णपदक मिळवले होते, हे येथील श्रोत्यांना आठवत असेल. स्पेनने मेक्सिकोवर 7-1 असा विजय मिळवला, इटलीशी 1-1 अशी बरोबरी केली, आणि फेरसामन्यात त्याच इटलीकडून 7-1 असा मार खाल्ला. पुढच्या वर्षी, 15 मे 1929 रोजी, माद्रिदला इंग्लंडचा संघ आला. तोपर्यंत ब्रिटिश बेटांबाहेरच्या कोणत्याही देशाने इंग्लंडला हरवले नव्हते. स्पेनने 4-3 असे हरवले. किंकोसेस त्या दिवशी फुलबॅक होता. पण 9 डिसेंबर 1931 रोजी लंडनमध्ये इंग्लंडने 7-1 अशी परतफेड केली. त्याही दिवशी तोच फुलबॅक होता. चरित्रकाराने पहिली तारीख सांगून दुसरी गाळू नये. सात गोलांचे दिवसही ज्याने अंगावर घेतले, त्याच्या चांगल्या दिवसांना मग किंमत येते.

1931 साल स्पेनच्या इतिहासात मोठे. 14 एप्रिलला प्रजासत्ताकाची घोषणा झाली, राजा देश सोडून गेला. रियल माद्रिद या संघाच्या नावातील ‘रियल’ म्हणजे राजमान्य. राजाच नाही तर राजमान्यता कसली? नावातील तो शब्द गेला, चिन्हावरचा मुकुट गेला, आणि उरले नुसते माद्रिद. याच वर्षी किंकोसेस आलावेस सोडून माद्रिदला आला. त्याच्याबरोबर त्याचा जोडीदार फुलबॅक सिरियाको हाही आला. गोलमध्ये होता रिकार्दो सामोरा, त्या काळी साऱ्या युरोपात नावाजलेला गोलरक्षक. सामोरा, सिरियाको आणि किंकोसेस ही तीन नावे स्पॅनिश माणूस एका दमात म्हणू लागला.

1931-32 च्या लीगमध्ये माद्रिद 18 सामने खेळले. 10 जिंकले, 8 बरोबरीत सुटले, एकही हरले नाहीत. त्यांच्यावर झालेले गोल अवघे 15. माद्रिदचे हे पहिले लीग विजेतेपद होय. पुढच्या हंगामात दुसरे मिळाले. हे आकडे मी मुद्दाम सांगतो, कारण बचाव खेळाडूचा पुरावा एवढाच उरतो, आणि तोही एकट्याच्या नावावर कधीच मांडता येत नाही. त्या वेळच्या छायाचित्रांत किंकोसेसच्या कपाळाला पांढरा रुमाल बांधलेला दिसतो. त्या काळचा चेंडू जाड चामड्याचा, त्याला शिवणीवर वादी ओवलेली. पावसात भिजला की दगडासारखा जड होई. तो डोक्याने परतवायचा म्हणजे काय, हे त्या रुमालावरून कळावे.

त्याच्या कारकिर्दीचा कळस 1934 च्या विश्वचषकात झाला. स्पर्धा मुसोलिनीच्या इटलीत होती, आणि यजमानांना हा चषक केवळ खेळासाठी नको होता. 27 मे रोजी जिनोआ येथे स्पेनने ब्राझीलला 3-1 असे हरवले. 31 मे रोजी फ्लॉरेन्सला गाठ पडली ती इटलीशीच. रेगेइरोने स्पेनला आघाडी मिळवून दिली, फेरारीने बरोबरी केली, आणि जादा वेळ खेळूनही 1-1 हा आकडा हलला नाही. खेळ इतका दांडगा झाला की दुसऱ्या दिवशीच्या फेरसामन्यात स्पेनचे सात गडी बदलावे लागले. जखमी सामोरा नव्हता, सिरियाकोही नव्हता. चार जण मात्र पुन्हा मैदानावर उतरले, आणि त्यांपैकी एक किंकोसेस. चोवीस तासांच्या आत दुसरा सामना, शेजारी नवा जोडीदार, पाठीशी नवा गोलरक्षक. मिआत्साने आरंभीच गोल केला आणि स्पेन 1-0 असे हरले. पुढे इटली विजेता झाला. पण सुमारे साडेतीन तासांच्या खेळात त्या विजेत्याला स्पेनवर दोनच गोल करता आले. हरणाऱ्या संघाच्या फुलबॅकला यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

आता मी व्याख्यानाच्या गाभ्याशी येतो. 21 जून 1936 रोजी व्हॅलेन्सियाच्या मेस्ताया मैदानावर चषकाचा अंतिम सामना झाला. माद्रिदविरुद्ध बार्सिलोना. माद्रिद 2-1 असे पुढे होते. अखेरच्या क्षणी बार्सिलोनाच्या एस्कोलाने गोलाकडे फटका मारला. कोरड्या मैदानावर धुळीचा लोट उठला, आणि धूळ बसली तेव्हा चेंडू सामोराच्या हातांत होता. सामोराला लोकांनी खांद्यावर घेतले. सिरियाको आणि किंकोसेस त्या दिवशीही त्याच्या पुढे उभे होते.

याला चार आठवडेही झाले नाहीत तोच, 17 जुलैला, मोरोक्कोत लष्करी बंड सुरू झाले आणि दुसऱ्या दिवशी ते स्पेनभर पसरले. तो किंकोसेसचा एकतिसावा वाढदिवस होता.

मेस्तायाच्या मैदानावरील माणसांचे पुढे काय झाले ते पाहा. हरलेल्या बार्सिलोनाचा अध्यक्ष जोसेप सुन्योल ऑगस्टमध्ये फ्रँकोच्या सैनिकांच्या हाती सापडला आणि गोळी घालून मारला गेला. सामोराला प्रजासत्ताकाच्या बाजूच्या लोकांनी माद्रिदच्या तुरुंगात टाकले. तो मारला गेल्याच्या वार्ता पसरल्या. अखेर सुटून तो फ्रान्सला गेला. माद्रिदच्या आघाडीचे रेगेइरो आणि एमिलिन बास्क सरकारच्या एउस्कादी संघात गेले. त्या सरकारचा प्रमुख आगिरे हा स्वतः एके काळचा फुटबॉलपटू. निर्वासितांसाठी पैसा आणि आपल्या पक्षासाठी सहानुभूती मिळवण्यास हा संघ परदेशी निघाला. त्याचा पहिला सामना पॅरिसला 26 एप्रिल 1937 रोजी झाला; त्याच दिवशी मायदेशी गेर्निकावर बॉम्ब पडत होते. पुढे हा संघ रशिया पाहून मेक्सिकोला पोचला, आणि त्यातले कित्येक जण मग घरी परतलेच नाहीत. अकरा जणांचा एक संघ. त्यातला कोणी तुरुंगात, कोणी परागंदा.

किंकोसेस परागंदा झाला नाही, हुतात्माही झाला नाही. युद्ध संपल्यावर तो पुन्हा माद्रिदकडून खेळू लागला आणि 1942 पर्यंत खेळला. परंतु राष्ट्रीय संघातील त्याचे 25 सामने 1928 ते 1936 या काळातले आहेत. पुढचा रकाना कोरा. फुलबॅकची खरी परिपक्वता तिशीनंतर येते, आणि त्याची 31 ते 34 ही वर्षे युद्धाने नेली. येथे काही श्रोते विचारतील, की तो विजेत्यांच्या राज्यात सुखाने राहिला, यात गौरव कसला? प्रश्न योग्य आहे. मी त्याला वीर म्हणून उभा करीत नाही. रेगेइरोने जे गमावले, ते याने गमावले नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. पण इतिहासात बाणेदारपणे देश सोडणारे थोडे आणि असेल त्या राज्यात आपला धंदा करीत राहणारे पुष्कळ असतात. पहिल्यांना आपण मान द्यावा. दुसऱ्यांना निदान समजून घ्यावे. नाहीतर आपला इतिहास मूठभरांचाच राहील.

या दुसऱ्या वर्गाचे आयुष्य कसे जाते, याचा एक दाखला देऊन मी थांबतो. स्पेनमध्ये जो राष्ट्रीय चषक आहे, त्याला पूर्वी राजाचे नाव होते. प्रजासत्ताक आल्यावर तो राष्ट्राध्यक्षाचा चषक झाला. फ्रँको आल्यावर तो सेनाधीशाचा चषक झाला. फ्रँकोच्या मृत्यूनंतर तो पुन्हा राजाचा झाला. किंकोसेसने खेळाडू म्हणून 1934 आणि 1936 साली राष्ट्राध्यक्षाचा चषक जिंकला. पुढे तो शिक्षक झाला. 1946 साली माद्रिदचा, आणि 1949 व 1954 साली व्हॅलेन्सियाचा संघ त्याने तयार केला, आणि या तिन्ही वेळा सेनाधीशाचा चषक जिंकला. एकाच्या सहीचे प्रशस्तिपत्र दुसऱ्याच्या राज्यात दाखवण्याजोगे नव्हते. पण मैदानाची लांबी-रुंदी तीच होती, ऑफसाईडचा नियम तोच होता, आणि गोल राखण्याचे कौशल्यही तेच होते.

राज्यकर्ते चषकावरचे नाव बदलू शकतात; चेंडू कसा अडवावा, हे त्यांना ठरवता येत नाही. हा खेळाचा मोठेपणा म्हणावा की त्याची असहायता, याचा निर्णय मी तुमच्यावर सोपवतो. 1936 च्या त्या धुळीत सामोराच्या हाती चेंडू सापडला, हे सर्वांना दिसले. त्याआधीच्या दीड तासात किती चेंडू त्याच्यापर्यंत पोचलेच नाहीत, हे कोणी मोजले नाही. इतिहासाने कधीतरी तेही मोजावे, एवढीच माझी विनंती आहे.