सकलातवाला, शापूरजी दोराबजी

सकलातवाला, शापूरजी दोराबजी : (२८ मार्च १८७४ – १६ जानेवारी १९३६). ब्रिटिश संसदेतील भारतीय वंशाचे साम्यवादी सदस्य, कामगार चळवळीचे कार्यकर्ते आणि साम्राज्यशाहीचे कट्टर विरोधक. जन्म मुंबईत, पारशी कुटुंबात. आई जेरबाई या उद्योगपती जमशेटजी टाटा यांच्या भगिनी. शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये झाले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा त्यांनी डॉ. वॉल्डेमार हाफकिन यांच्याबरोबर रोग्यांसाठी काम केले. गरिबांच्या वस्त्यांमधील हाल त्यांनी तेथे जवळून पाहिले.

पुढे त्यांनी टाटांच्या पोलाद उद्योगासाठी खनिजांच्या शोधमोहिमांत भाग घेतला. भूवैज्ञानिक सी. एम. वेल्ड आणि दोराबजी टाटा यांच्यासमवेत ते चांदा (सध्याचा चंद्रपूर) जिल्ह्यातील जंगलांत हिंडले. या भटकंतीत हिवतापाने त्यांची प्रकृती ढासळली. १९०५ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि तेथील टाटांच्या कचेरीत काम पाहू लागले. डर्बीशर परगण्यातील मॅटलॉक येथे उपचार घेत असताना त्यांची सारा मार्श यांच्याशी ओळख झाली. सारा तेथे नोकरी करीत आणि कष्टकरी घरातून आलेल्या होत्या. १९०७ मध्ये दोघांचा विवाह झाला. त्यांना पाच अपत्ये झाली.

राजकारणात ते आरंभी उदारमतवाद्यांच्या वर्तुळात होते. पण तेथे त्यांचे समाधान झाले नाही. मँचेस्टरमध्ये असताना ते इंडिपेंडंट लेबर पार्टीत आले. पहिल्या महायुद्धाच्या काळात स्थापन झालेल्या ‘वर्कर्स वेल्फेअर लीग ऑफ इंडिया’ या संस्थेच्या कामात त्यांचा पुढाकार होता. रशियन क्रांतीने ते भारावले आणि १९२१ मध्ये ब्रिटनच्या कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले.

नोव्हेंबर १९२२ च्या निवडणुकीत मजूर पक्षाच्या पाठिंब्याने ते लंडनच्या उत्तर बॅटरसी मतदारसंघातून निवडून आले. दादाभाई नवरोजी आणि मंचेरजी भावनगरी यांच्यानंतर हाउस ऑफ कॉमन्समध्ये पोचलेले ते तिसरे भारतीय. तिघेही पारशी आणि तिघांचीही जडणघडण मुंबईतली. मात्र दादाभाई उदारमतवादी, भावनगरी हुजूरपक्षीय आणि सकलातवाला साम्यवादी. १९२३ मध्ये ते १८६ मतांनी पराभूत झाले. १९२४ मध्ये कम्युनिस्ट उमेदवार म्हणून ती जागा त्यांनी परत जिंकली आणि १९२९ पर्यंत राखली. या काळात ते त्या सभागृहातील एकमेव कम्युनिस्ट सदस्य होते.

भारताचे स्वातंत्र्य आणि इंग्रज मजुराची भाकरी हे एकाच लढ्याचे दोन भाग आहेत, हा त्यांच्या राजकारणाचा गाभा होता. बंगालच्या ताग गिरण्यांत मजुरी तुटपुंजी राहिली की स्कॉटलंडमधील डंडीच्या ताग कामगाराचा रोजगार जातो, हे ते आकडेवारीनिशी पटवून देत. आयर्लंडच्या प्रश्नावरही त्यांनी सरकारला धारेवर धरले. १ मे १९२६ रोजी हाइड पार्कमधील सभेत त्यांनी सैनिकांना संपकऱ्यांवर गोळी न झाडण्याचे आवाहन केले. सार्वत्रिक संप सुरू होताच त्यांना अटक झाली. चांगल्या वर्तणुकीची हमी देण्यास नकार दिल्याने त्यांना दोन महिन्यांचा तुरुंगवास भोगावा लागला. त्याआधी, १९२५ मध्ये, अमेरिकेने त्यांचा प्रवेश परवाना रद्द केला होता. त्याच वर्षी त्यांनी टाटांची नोकरी सोडली.

जानेवारी १९२७ मध्ये ते मुंबईत आले. देशभर त्यांच्या सभांना मोठी गर्दी झाली. महात्मा गांधींना लिहिलेल्या खुल्या पत्रात त्यांनी चरख्याऐवजी कामगार-शेतकऱ्यांच्या संघटनेवर भर देण्याची विनंती केली. गांधीजींनी ‘यंग इंडिया’तून आदरपूर्वक, पण आपली भूमिका न सोडता उत्तर दिले. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने सकलातवालांना भारतात पुन्हा येण्यास बंदी केली. मुलांचा नवजोत (पारशी धर्मदीक्षा) विधी केल्याबद्दल स्वपक्षानेही त्यांना दोष दिला. तरी त्यांनी ना पक्ष सोडला, ना आपल्या समाजाशी असलेले नाते तोडले.

१९२९ मधील पराभवानंतर ते पुन्हा निवडून आले नाहीत. भारतातील कामगार नेत्यांवर भरलेल्या मीरत कटाच्या खटल्यातील आरोपींच्या बचावासाठी मात्र ते झटत राहिले. लंडनमध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. ब्रुकवूडच्या पारशी दफनभूमीत त्यांचे स्मारक आहे. स्पेनच्या यादवी युद्धात लढलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांच्या तुकडीला त्यांचे नाव देण्यात आले होते. सत्तेचे पद त्यांना कधीच मिळाले नाही. तथापि साम्राज्याच्या राजधानीत पारतंत्र्याचा प्रश्न थेट कामगारांच्या दारापर्यंत नेणारे प्रतिनिधी म्हणून त्यांचे स्थान मोठे आहे.